स्पर्धा अनेकांची, मोजपट्टी सर्वांची

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलविरुद्धच्या खटल्यात उपाययोजनेचा निकाल दिला आणि गूगलने क्रोम हा आपला ब्राउझर विकून टाकावा ही सरकारपक्षाची मागणी अमान्य केली. शोधसेवेच्या बाजारपेठेत गूगलने बेकायदा मार्गांनी मक्तेदारी टिकवून धरली, असा निर्णय याच न्यायाधीशांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेला होता. तरीही ब्राउझर काढून घेण्यापर्यंत न्यायालय गेले नाही. आपलीच सेवा ठेवावी असे दुसऱ्या कंपन्यांना बांधून घेणारे करार करण्यास मात्र त्याने मनाई केली. या निकालावर जी चर्चा झाली, ती बहुतांशी क्रोमची मालकी कोणाकडे असावी याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. मालकीचा प्रश्न क्षुल्लक नाही. परंतु संकेतस्थळे कोणत्या नियमांनुसार बांधली जावीत, आणि ते नियम ठरविण्याचा अधिकार कोणाला असावा, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. आणि तो या चर्चेत जवळजवळ बाजूलाच राहिला.

ब्राउझर म्हणजे संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर संकेतस्थळ उघडून दाखविणारा प्रोग्रॅम. महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचे शुल्क, आयकराचे विवरणपत्र, सातबाराचा उतारा हे सारे आता या खिडकीतून पाहावे आणि भरावे लागते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी बटण दाबले जात नाही, रकाने एकमेकांवर चढतात, मग कोणीतरी सांगतो की दुसऱ्या ब्राउझरमधून प्रयत्न करून पाहा. हा अनुभव कारकुनापासून विद्यार्थ्यापर्यंत अनेकांच्या परिचयाचा आहे. दोष आपल्या अज्ञानाचा, असे समजून माणूस गप्प बसतो. वस्तुतः हा दोष त्याचा नसतो. त्यामागे तीस वर्षांचा एक आर्थिक इतिहास आहे.

सार्वजनिक देणगीचा वारसा

वेबचा प्रारंभ कोणत्याही कंपनीच्या कारखान्यात झालेला नाही. जिनीव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये या कल्पनेचा आराखडा मांडला आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. स्वामित्वशुल्क न देता कोणालाही संकेतस्थळ उभारता यावे आणि कोणालाही ब्राउझर तयार करता यावा, हा या निर्णयाचा अर्थ होता. पुढे ऑक्टोबर १९९४ मध्ये बर्नर्स-ली यांनीच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची स्थापना केली. संकेतस्थळांची भाषा सर्वांना समान असावी, तिची मानके चर्चेने ठरावीत आणि लेखी स्वरूपात प्रसिद्ध व्हावीत, हे या संस्थेचे कार्य होते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर मानक ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने ती वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला ती कमी येत नाही. उलट वापरणारे जितके अधिक तितकी तिची उपयुक्तता अधिक. मात्र सार्वजनिक वस्तूची जी नेहमीची अडचण असते, ती हिलाही चुकलेली नाही. लाभ सर्वांना हवा असतो. तिच्या जतनाचा खर्च मात्र दुसऱ्याने करावा असे प्रत्येकाला वाटते.

स्पर्धेने केलेली पडझड

मक्तेदारी वाईट आणि स्पर्धा चांगली, हे सूत्र सर्वमान्य आहे. ब्राउझरच्या इतिहासाचा पहिला अध्याय मात्र या सूत्राला छेद देतो. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनी स्थापन झाली आणि तिच्या ब्राउझरने अल्पावधीत बाजार काबीज केला. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर बाजारात आणला. दोघांमध्ये जी चुरस लागली तिने नवनव्या सोयी वेगाने आल्या, हे मान्य करावे लागेल. पण प्रत्येक सोय आपल्यापुरतीच असावी, हाही त्या चुरशीचाच भाग होता. एकाने मिचकावणारी अक्षरे काढली, दुसऱ्याने सरकती पट्टी. पुढे पानावरील मजकूर हलविण्यासाठी दोघांच्या आज्ञा निराळ्या झाल्या. एकच पान दोन प्रकारे लिहून ठेवणे डेव्हलपरला भाग पडले. ज्यांना हा दुहेरी खर्च परवडत नव्हता त्यांनी आपल्या संकेतस्थळावर पाटीच लावली, की हे पान अमुक ब्राउझरमधूनच नीट दिसेल.

या विसंगतीचे एक उदाहरण घरखरेदीच्या व्यवहाराने सहज कळण्यासारखे आहे. सदनिकेचे क्षेत्रफळ भिंतींसह मोजावयाचे की भिंतींच्या आतले तेवढेच, यावरून किती वाद होतात हे सर्वांस ठाऊक आहे. पानाच्या मांडणीसाठी डिसेंबर १९९६ मध्ये जे मानक संमत झाले, त्याने चौकटीची रुंदी म्हणजे आतल्या मजकुराची रुंदी असे ठरविले. कडा आणि कडेची मोकळी जागा त्याबाहेर. मायक्रोसॉफ्टचा तत्कालीन ब्राउझर मात्र ही रुंदी कडा आणि मोकळी जागा धरून मोजत असे. परिणामी एकच पान एका ब्राउझरमध्ये नीट बसे आणि दुसऱ्यात विस्कटे. गंमत अशी, की भिंतींसह मोजण्याची पद्धत पुष्कळांना अधिक सोयीची वाटली आणि पुढे मानकातच तिला ऐच्छिक पर्याय म्हणून स्थान मिळाले. तात्पर्य, कोणती पद्धत श्रेष्ठ हा मुख्य प्रश्न नव्हताच. सर्वांनी एकच पद्धत पाळावी, हा होता. रस्त्याने डावीकडून जावे की उजवीकडून, याबद्दल देशादेशांत मतभेद असू शकतात. एकाच रस्त्यावर असू शकत नाहीत.

या विसंगतीचा खर्च कोणी भरला? तो नेटस्केपने भरला नाही, मायक्रोसॉफ्टनेही नाही. तो जगभरातील डेव्हलपरांनी आपल्या श्रमाच्या तासांत भरला, आणि त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या संस्थांनी पैशात. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून आलेला माल एके काळी कुर्डुवाडीस उतरवून रुंद रुळांच्या गाडीत पुन्हा चढवावा लागे. रुळांची रुंदी ठरविणारे वेगळे आणि हमाली भरणारे वेगळे, असा तो प्रकार होता. वेबवरही तेच घडले. फरक एवढाच, की येथील हमाली डोळ्यांना दिसत नव्हती. या परिस्थितीला कंटाळून १९९८ मध्ये काही डेव्हलपरांनी वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ सुरू केली. ब्राउझर कंपन्यांनी मानके पाळावीत, एवढीच तिची मागणी होती.

विजयानंतरची सुस्ती

चुरशीचा शेवट लवकरच झाला. विंडोज या कार्यप्रणालीबरोबर मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विनामूल्य दिला आणि नेटस्केपच्या पायाखालची जमीन सरकली. अमेरिकी सरकारने मे १९९८ मध्ये खटला भरला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने विभाजनाचा आदेश रद्द केला. कंपनीने मक्तेदारी बेकायदा रीतीने राखली हा निष्कर्ष मात्र कायम ठेवला. प्रकरण अखेरीस तडजोडीने मिटले. तोवर नेटस्केप दुसऱ्या कंपनीच्या मालकीचा झाला होता आणि त्याचा ग्राहक निघून गेला होता. न्याय मिळतो, पण बाजार न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

यानंतर जे घडले ते पाठ्यपुस्तकातील मक्तेदारीच्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली. त्या सुमारास या ब्राउझरचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक झाला होता. सातवी आवृत्ती ऑक्टोबर २००६ मध्ये आली. मधल्या पाच वर्षांत जगातील सर्वांत महत्त्वाची खिडकी जवळजवळ होती तशीच राहिली. तिच्यात सुधारणा करण्याची निकड मालकाला भासली नाही, कारण सोडून जाणारे कोणी उरले नव्हते.

एका कंपनीच्या उत्पादनाला जेव्हा कायद्याचा टेकू मिळतो, तेव्हा काय होते हे दक्षिण कोरियाने अनुभवले. १९९० च्या दशकात बळकट सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर अमेरिकेचे निर्बंध होते. म्हणून कोरियाने सीड नावाची स्वतःची सांकेतिक पद्धत विकसित केली. १९९९ पासून अंकीय स्वाक्षरीचा कायदा आला. बँकेच्या व्यवहारांसाठी ही पद्धत ब्राउझरमध्ये आणावयाची तर मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स या तंत्राचा आधार घेण्यात आला, आणि ते तंत्र केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चाले. हेतू स्वावलंबनाचा होता. परिणाम परावलंबनाचा झाला. जगात इतरत्र लोक दुसऱ्या ब्राउझरकडे वळले, तरी कोरियातील नागरिकाला बँकेसाठी जुनीच खिडकी उघडावी लागे. या प्रमाणपत्रांना असलेला खास कायदेशीर दर्जा डिसेंबर २०२० मध्ये संपुष्टात आला. एका तांत्रिक निर्णयाने एका प्रगत देशाला सुमारे दोन दशके बांधून ठेवले.

मानकांनी काय दिले

कोंडी फुटली ती दोन कारणांनी. नेटस्केपने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा मूळ प्रोग्रॅम खुला केला होता. त्यातून मोझिला हा प्रकल्प वाढला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला. ॲपलचा सफारी २००३ मध्ये आणि गूगलचा क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला. हे झाले पहिले कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. या नव्या स्पर्धकांना जुन्या मक्तेदाराशी झुंजण्यासाठी एका तटस्थ मोजपट्टीची गरज होती, आणि ती लेखी मानकांच्या रूपाने तयार होती. आमचा ब्राउझर मानक अधिक काटेकोरपणे पाळतो, हीच स्पर्धेची भाषा बनली. स्पर्धा तीच, पण पूर्वी जिने वेबचे तुकडे केले, तिनेच आता ते सांधले. फरक स्पर्धकांच्या सद्‌गुणांत नव्हता, नियमांत होता.

मराठी वाचकाला याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी मजकूर वेबवर येऊ लागला, तेव्हा संकेतस्थळागणिक फाँट निराळा होता. एका ठिकाणचा फाँट उतरवून घेतला तरी दुसऱ्या ठिकाणी अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे उमटत. फाँट पानाबरोबरच पाठविण्याच्या युक्त्या निघाल्या, त्यांतही नेटस्केपची वेगळी आणि मायक्रोसॉफ्टची वेगळी. ‘क’ या अक्षराला प्रत्येक दुकानात वेगळा क्रमांक असल्यामुळे शोध घेणे, मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणे, हे जवळजवळ अशक्य होते. युनिकोड या जागतिक मानकाने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला एक निश्चित क्रमांक दिला. ब्राउझर आणि कार्यप्रणाली यांनी तो स्वीकारला. आणि आज गडहिंग्लजच्या विद्यार्थ्याने लिहिलेला मराठी परिच्छेद टोरांटोत जसाच्या तसा वाचता येतो. मोठ्या भाषांना बाजार सांभाळून घेतो. ज्या भाषांची क्रयशक्ती मर्यादित, त्यांचे रक्षण समान मानकच करू शकते.

इतिहासाची पुनरावृत्ती

आज या खेळातील पात्रे बदलली आहेत. क्रोमचा जगभरातील वापर सुमारे दोन-तृतीयांश आहे. याहून लक्षणीय बाब अशी, की ब्राउझरचे जे इंजिन पान वाचून ते पडद्यावर मांडते, त्याबाबतीत पर्याय जवळजवळ संपले आहेत. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून गूगलचे घेतले. खुद्द मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये तोच निर्णय जाहीर केला. जगातील अतिश्रीमंत कंपन्यांपैकी एकीला जे परवडले नाही, ते नवख्या उद्योजकाला परवडेल अशी अपेक्षा कोणी करू नये. मानकांचा पसारा इतका वाढला आहे, की ती सर्व पाळणे हाच बाजारात शिरण्यातला अडसर झाला आहे. जी मोजपट्टी सर्वांसाठी होती, ती हळूहळू कुंपण होऊ पाहत आहे. आता प्रमुख इंजिने तीनच उरली आहेत: गूगलचे, ॲपलचे आणि मोझिलाचे.

यांतील तिसऱ्याची स्थिती केविलवाणी आहे. फायरफॉक्सचा वापर काही टक्क्यांवर आला असून मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग गूगलकडून शोधसेवेच्या कराराद्वारे मिळतो. आपली शोधसेवा ठिकठिकाणी आधीच बसविलेली असावी म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली, हे खटल्यात उघड झाले. हे पैसे सरसकट बंद केले तर मोझिलासारख्यांचे नुकसान होईल, या विचारानेही न्यायालयाचा हात आखडला. मक्तेदाराच्या पैशावर प्रतिस्पर्ध्याने जगावे आणि त्याच्या जगण्यासाठी मक्तेदाराला पैसे देऊ द्यावेत, अशी ही विचित्र व्यवस्था आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. गूगलच्या इंजिनाचा प्रोग्रॅम खुला आहे. कोणीही तो घेऊन आपला ब्राउझर बनवू शकतो. सर्वांनी एकच इंजिन वापरले तर विसंगती मुळातच नष्ट होईल. रूळ एकाच रुंदीचे असावेत, असे म्हणणाऱ्यांनी याचे स्वागत करावयास नको काय? या युक्तिवादात मानक आणि उत्पादन यांची गल्लत आहे. रुळांची रुंदी एक असावी याचा अर्थ साऱ्या गाड्या एकाच कारखान्यातून याव्यात असा होत नाही. प्रोग्रॅम वाचता येणे वेगळे आणि त्याची दिशा ठरविता येणे वेगळे. जानेवारी २०२० मध्ये गूगलने जाहीर केले, की त्रयस्थांच्या कुकी, म्हणजे वाचकाचा माग ठेवणाऱ्या नोंदी, क्रोममधून दोन वर्षांत हद्दपार होतील. मुदत पुनःपुन्हा लांबली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून देण्यात आला. निर्णय योग्य की अयोग्य हा भाग निराळा. एका कंपनीने मन बनविले आणि बदलले, त्यानुसार जगभरच्या जाहिरातदारांनी आणि प्रकाशकांनी साडेचार वर्षे आपली व्यवस्था बदलत राहावे, याला समान मानक म्हणत नाहीत. मानक कागदावर काय म्हणते याची परीक्षा किमान दोन स्वतंत्र इंजिनांनी ते पाळून दाखविले तरच होते. इंजिन एकच उरले, की त्यातील चूकदेखील नियम ठरते.

आयफोनचे उदाहरण या प्रश्नाची गुंतागुंत दाखविते. आपल्या फोनवरील प्रत्येक ब्राउझरने आपलेच इंजिन वापरावे, असा ॲपलचा दंडक होता. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे तो शिथिल करावा लागला. दंडक स्पर्धेला मारक होता यात शंका नाही. पण आयफोनवर पान नीट दिसले पाहिजे, या एका भीतीपोटी अनेक डेव्हलपर दुसऱ्या इंजिनात आपले काम तपासून पाहत आले. एका मक्तेदाराचा अडसर दुसऱ्याच्या वाटेत धोंडा झाला, म्हणून काही प्रमाणात मानके तगली. अडसर जरूर काढावा; परंतु केवळ अडसर काढल्याने स्पर्धा वाढेल, असे गृहीत धरणे भोळेपणाचे ठरेल.

करण्यासारखे काय

यावर उपाय नाहीत असे नाही. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे चारही प्रतिस्पर्धी ‘इंटरऑप’ नावाच्या उपक्रमात दरवर्षी एकत्र बसून, कोणत्या विसंगती आधी दूर कराव्यात हे ठरवितात आणि सामायिक चाचण्यांचे गुण जाहीर करतात. डेव्हलपरांचा त्रास त्यामुळे कमी झाला आहे. मात्र कंपन्यांचा हा शहाणपणा त्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे. मर्जीला आधार असावा लागतो तो मोठ्या ग्राहकाच्या आग्रहाचा, आणि सरकारइतका मोठा ग्राहक दुसरा नाही.

भारत सरकारने २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांत जागतिक मानकांचा आधार घेतला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. अंध व्यक्तीला पान वाचून दाखविणारे साधन हे पान मानकाप्रमाणे लिहिलेले असेल तरच नीट वाचू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन गोष्टींचा संबंध स्पष्ट होतो. तत्त्वे आहेत, ती निविदेच्या अटींत उतरली पाहिजेत. जनतेच्या पैशाने बांधलेले कोणतेही संकेतस्थळ किमान दोन स्वतंत्र इंजिनांत तपासल्याखेरीज कंत्राटदाराचे अखेरचे देयक मंजूर होऊ नये. पुलाचे काम भार-चाचणीशिवाय ताब्यात घेतले जात नाही. परीक्षेच्या अर्जाचे का घ्यावे? विद्यापीठांनी आणि महानगरपालिकांनीही हाच दंडक पाळण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट अध्यापनाची. विद्यार्थ्याला एका कंपनीच्या ब्राउझरवर काम चालते एवढे शिकवून थांबणे म्हणजे त्याला एका दुकानाचा नोकर करणे होय. मानक वाचावे कसे आणि आपले काम त्याच्याशी ताडून पाहावे कसे, हे शिकलेल्याला दुकान बदलले तरी अडत नाही. तिसरी गोष्ट स्वतंत्र इंजिनांच्या आधाराची. मोझिलात सुरू झालेला आणि आता लिनक्स फाउंडेशन युरोपच्या छत्राखाली असलेला सर्वो, किंवा २०२४ मध्ये ना-नफा संस्थेच्या रूपाने उभा राहिलेला लेडीबर्ड, असे प्रकल्प चालू आहेत. संगणकतज्ज्ञांची एवढी मोठी फौज बाळगणाऱ्या भारताने अशा कामात माणसे आणि पैसा घातला तर तो दानधर्म ठरणार नाही. रस्ते वापरणाऱ्याने रस्त्याच्या डागडुजीस हातभार लावावा, इतकाच त्याचा अर्थ होईल.

स्पर्धेला मोजपट्टी नव्हती तेव्हा वेबचे तुकडे झाले; स्पर्धक उरला नाही तेव्हा ते साचले; दोन्ही एकत्र नांदले त्या थोड्या वर्षांत ते सर्वांचे झाले. क्रोम कोणाच्या मालकीचा असावा याचा निर्णय वॉशिंग्टनच्या न्यायालयात होईल. त्यावर येथील कोणाचे नियंत्रण नाही. पण आपल्या परीक्षेचा, निवृत्तिवेतनाचा आणि सातबाराचा अर्ज कोणत्या मोजपट्टीने बांधला जावा, हे येथील कार्यालयांतच ठरते, आणि तेथे ते आग्रहाने विचारले गेले पाहिजे.